अकराव्या बरगडीचं माप

मालवणच्या किनाऱ्यापुढे नऊ मीटर पाण्याखाली एक लाकडी जहाज पडलं आहे. त्याच्या सतरा बरगड्यांची मापं मी घेतली. पहिल्या दहांबद्दल मला कधी शंका आली नाही. उरलेल्या सातांबद्दल आली, आणि ती आली तेव्हा मी त्या जहाजापासून सहाशे किलोमीटर लांब, घरी, खिडकीपाशी स्टुलावर उभा होतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक आहे. तेव्हा वय एकावन्न, रक्तदाबाची रोज एक गोळी. पत्त्यात त्या वेळी औरंगाबाद लिहायचो. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, नळाला आठव्या दिवशी पाणी. अशा माणसाने समुद्रात कशाला जावं, हे माझ्या बायकोने मला पुष्कळदा विचारलं. ती फर्दापूरची. अजिंठ्याला येणाऱ्या लोकांना चहा-भजी देण्यात तिच्या माहेरच्यांचं आयुष्य गेलं. लांबून जुनं काहीतरी बघायला येणाऱ्या माणसांचं तिला कौतुक नाही.

“घरात आठ दिसाला पाणी,” मी पहिल्यांदा निघालो तेव्हा ती म्हणाली, “अन् तुम्ही पाण्यात जाऊन लाकडं मोजणार. लई भारी.”

सुरुवात झाली ती पाणी नव्हतं म्हणूनच. एका दुष्काळाच्या वर्षी पैठणला धरणाचं पाणी इतकं उतरलं की बुडालेल्या एका जुन्या घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या. त्या बघायला पुण्याहून पुरातत्त्वाच्या एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, थोड्या वाकून चालणाऱ्या, आवाज नेहमी थकलेला. नकाशा काढायला त्यांना माणूस हवा होता, खात्याने मला दिला. चार दिवसांनी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“खालच्या पायऱ्या कुठं आहेत?” त्यांनी विचारलं.

“गाळात. दिसल्या नाहीत.”

“अंदाजाने काढता आल्या असत्या.”

“दिसल्या नाहीत,” मी परत म्हणालो.

त्यांनी कागद गुंडाळला आणि विचारलं, पोहता येतं का. विहिरीत शिकलो होतो, म्हणालो. त्यानंतरचे दोन हिवाळे छावणीकडच्या तरणतलावात हवेची टाकी पाठीला बांधून तळाशी बसण्यात गेले. लोक काठावरून बघून हसायचे. मग मालवणला आठ दिवस राहून परवाना घेतला. बाई ज्याचं काम करत होत्या त्या बुडालेल्या जहाजावर मी एकूण एकतीस वेळा उतरलो, सरासरी सदतीस मिनिटं. हे आकडे एका वहीत आहेत. उतरल्याची वेळ, वर आल्याची वेळ, टाकीतली हवा सुरुवातीला किती आणि शेवटी किती.

बुडालेलं जहाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उभी डोलकाठी आणि फाटकी शिडं येतात. तसं तिथं काही नाही. लाकूड खाणारे किडे उघडं राहिलेलं सगळं खाऊन टाकतात. तोल राखायला जहाजाच्या पोटात दगड भरलेले असतात, त्या दगडांच्या खाली वाळूत जे दबून राहिलं तेवढंच वाचतं. आमचं जहाज म्हणजे चौदा मीटर लांबीचा दगडांचा ढीग होता. कडेचे दगड बाजूला केले की खालून बरगड्यांची, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यातल्या वाकड्या लाकडांची, टोकं दिसायची, काळी, ओल्या कोळशासारखी. बोट लावलं तर मऊ लागायची. ते कुणाचं जहाज होतं, कुठून कुठं चाललं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई म्हणायच्या, बरगड्यांमधलं अंतर आणि लाकडाची जात कळली तर ते कुठल्या किनाऱ्यावर बांधलं असावं, याबद्दल काहीतरी बोलता येईल. म्हणून मापं.

आता मापांबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील पोलीस ॲक्शननंतर जमीनमोजणीच्या कामाला लागले. निजामाच्या काळातली साखळी, तिला ते शेवटपर्यंत जरीब म्हणत, खांद्यावर टाकून त्यांनी अर्धा जिल्हा पायी मोजला. पुढे टेप आल्या. टेपच्या टोकाला कडी असते आणि ते टोक सगळ्यात आधी खराब होतं. कडी वाकते, सैल होते, शून्य नेमकं कुठं ते कळेनासं होतं. म्हणून वडील टेप शून्यावर धरत नसत. एक मीटरची खूण धरायची, माप घ्यायचं आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. वजा केलं की त्या आकड्याखाली रेघ मारायची. रेघ नसलेला आकडा कच्चा, रेघेचा पक्का. मी चौदा वर्षांचा असल्यापासून हे करत आलो. घरात फडताळाचं माप घ्यायचं असलं तरी माझा हात आपोआप एक मीटरवर जातो.

बाईंना ही पद्धत चालत नव्हती. त्यांच्या टेप नव्या होत्या आणि उतरणारी माणसं वेगवेगळ्या ठिकाणची. “इथं सगळ्यांनी शून्यच धरायचं,” त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. शेवटच्या फेरीतले पहिले तीन दिवस मी तसंच केलं. एक ते दहा बरगड्या झाल्या.

चौथा दिवस शेवटचा होता, कारण माझी रजा तेवढीच होती. येतानाच्या एसी बसमध्ये गारठून मला सर्दी झाली होती. तीन दिवस ती गळ्याशी होती, चौथ्या दिवशी नाकात आली.

सर्दी असताना पाण्याखाली उतरायचं नाही, हा तिथला पहिला नियम. खाली जाताना नाक दाबून हवा फुंकायची म्हणजे कान मोकळे होतात. नाक चोंदलेलं असेल तर होत नाहीत आणि सगळा दाब कानाच्या पडद्यावर येतो. रोज सकाळी होडीत चढण्याआधी प्रत्येकाने एक कागद भरायचा असतो. झोप किती झाली, औषध कुठलं घेतलं, सर्दी आहे का. मी सर्दीसमोर ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही केली. सात बरगड्या राहिल्या होत्या. मी परत गेलो असतो तर त्या कोण मोजणार, असं मी मनाशी म्हणालो. खरं तर मोजू शकणारी दोन माणसं होडीत होती.

माझ्याबरोबर मालवणचाच एक पाणबुडा उतरला, चाळिशीचा, शिंपले काढण्यात हयात गेलेला. त्या दिवशी खाली ओढ होती आणि गाळ उठलेला होता. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. दहाव्या बरगडीला लागून वाळूत एक लोखंडी खुंटी ठोकलेली होती, तिच्यापासून पुढची मापं घ्यायची होती. मी टेपची कडी खुंटीत अडकवली, ओढीने टेप ताणली गेली आणि कडी निखळून गेली. बिनकडीची टेप माझ्या हातात राहिली. डावा कान तोवर ठणकायला लागला होता. मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. एक मीटरची खूण खुंटीला बांधली आणि पुढे सरकलो. चाचपून बरगडी शोधायची, टेप डोळ्यांजवळ आणायची, प्लास्टिकच्या पांढऱ्या पाटीवर शिसपेन्सिलीने आकडा लिहायचा. सात वेळा. रोज शेवटी मी पहिल्या खुंटीपासून शेवटच्या बरगडीपर्यंत एक सलग माप घ्यायचो, पडताळा म्हणून. त्या दिवशी घेतलं नाही. वर आलो तेव्हा डोकं गरगरत होतं.

होडीत पाटीवरचे आकडे वहीत उतरवले. उतरवून झालं की पाटी भांड्याच्या पावडरने घासून कोरी करायची, ही तिथली रीत. मी स्वतःच घासली.

घरी पोहोचलो तो कानात गुणगुण घेऊन. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं.

“काका, पडदा चांगलाच सुजलाय. पानी बंद.”

“किती दिवस?”

“सहा महिने तर बंदच. अन् खरं विचाराल तर आता कायमचंच बंद ठेवा.”

मला फार वाईट वाटलं असं नाही. सोळा तासांचा प्रवास, ओले कपडे, पाठ. दमलो होतो. नकाशा काढून दिला की आपलं काम संपलं, असं मी धरून चाललो. दोन रविवार पहिल्या दहा बरगड्यांना लागले, तिसऱ्या रविवारी सकाळी उरलेल्या सात काढल्या आणि फोनवर फोटो काढून बाईंना पाठवला. मे महिना संपत आला होता. त्या मालवणलाच होत्या. पावसाळ्याआधी त्या जागेवर वाळूची पोती टाकून जहाज पुन्हा झाकायचं होतं, आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नव्हती.

तासाभरात त्यांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज तेवढा एकदाच ताजा ऐकला.

“दहा आणि अकरामध्ये एक मीटर एकोणचाळीस आहे, पाहिलंत का? बाकी सगळीकडे चाळीसच्या आसपास आणि इथं एवढी जागा! डोलकाठीचा पाया तिथंच असणार. त्यावर दगड आहेत म्हणून आपल्याला दिसला नाही.”

“असेल,” मी म्हणालो.

“असेल काय? तुमचंच माप आहे.”

फोन ठेवून मी पाव तास खूश होतो. चहा मागितला. बायको म्हणाली, चहा देते, आधी खिडकीचं माप द्या, पडद्याचं कापड आणायला चालले. मी टेप घेऊन स्टुलावर चढलो, चौकटीला धरली आणि आकडा सांगितला.

“दोन वीस.”

“दोन वीस?” ती कागदावर लिहीत होती. “एवढी कुठं हाय खिडकी?”

“एक वजा कर त्यातून,” मी म्हणालो, आणि तिथंच थांबलो.

“उतरा ना,” ती म्हणाली. “चक्कर आली का?”

वही काढली. अकरावी बरगडी, एक एकोणचाळीस. त्याखाली रेघ नव्हती. बारावीखाली नाही, सतरावीपर्यंत कशाखालीच नाही. हे आकडे कच्चे असतील तर दहा आणि अकरामधलं अंतर एकोणचाळीस सेंटिमीटर, बाकीच्यांसारखंच. डोलकाठी नाही, काही नाही. सातही बरगड्या मीटरभर अलीकडे सरकणार.

बायको टेबलाच्या पलीकडे बसली. मी तिला सगळं सांगितलं. तिला रेघेचं माहीत होतं. माझ्या वडिलांना तिने पाच वर्षं जेवायला वाढलं आहे.

“रेघ नाय म्हणजे वजा केलं नाय,” ती म्हणाली. “आता करून टाका. एवढं तोंड पाडायला काय झालं?”

“होडीत मी शुद्धीत नव्हतो. मनात वजा करून लिहिलं असेल आणि रेघ मारायची राहिली असेल.”

“मग खरं काय?”

“तेच तर माहीत नाही. मध्ये दोन बरगड्या कुजून गेल्या असतील तर एक एकोणचाळीसही खरं असू शकतं. तीन अंतरं, प्रत्येकी सेहेचाळीस. तशी अंतरं आधी दोन ठिकाणी आहेत.”

“त्या बाईला कळणार हाय का, तुम्ही गपचूप वजा केलं तर?”

“नाही.”

“अन् नाय केलं तर?”

“तरी नाही. पोती पडली की कुणालाच कळणार नाही.”

तिने वही माझ्याकडे सरकवली. “मग मला कशाला इचारता?” ती म्हणाली. “फोन करायचा असंल तर करा. कापडाचं दुकान बंद होईल.” आणि पिशवी घेऊन गेली.

मी आधी पाणबुड्याला फोन केला. दहावी आणि अकरावी शेजारी शेजारी होत्या का, आठवतंय का, विचारलं.

“माका काय दिसला नाय, सायबानू,” तो म्हणाला. “माझो हात माका दिसत नव्हतो. तुम्ही लिवत होतात, मी तुमची टाकी धरून होतंय.”

मग बाईंना केला.

“बाई, अकरा ते सतराची मापं कच्ची आहेत.”

“कच्ची म्हणजे?”

मी कडी, खुंटी, एक मीटर आणि रेघ असं क्रमाने सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “मग एक वजा करा आणि नवा कागद पाठवा.”

“वजा आधीच केलेलं असू शकतं. मला आठवत नाही.”

“तुम्हाला आठवत नाही?”

“मला सर्दी होती. कान गेला होता. वर येताना चक्कर होती.”

“सर्दी खाली गेल्यावर झाली?”

“नाही. सकाळपासून होती.”

“कागदावर काय लिहिलं होतंत?”

“नाही.”

“नाही काय?”

“सर्दीसमोर ‘नाही’ लिहिलं होतं.”

फोनवर वाऱ्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

“पैठणला तुम्ही न दिसलेल्या पायऱ्या काढल्या नव्हत्या,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी तुम्हाला आणलं.”

मी वही मिटली.

“उद्या एकदाच उतरता येईल. समुद्र बिघडतोय, परवा पोती. उद्या तिसऱ्या बरगडीचा तुकडा काढायचा होता, लाकूड सागवान आहे की आणखी काही ते तपासायला. दगड हलवून तुमचं माप घ्यायचं तर तुकडा राहील.”

“मी यायला निघू का?”

“कान घेऊन? नको,” त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका कालव्याचा जुना नकाशा नव्या कागदावर उतरवायचा होता. दुपारपर्यंत माझ्या हातून सव्वा दोन फूट रेघ निघाली. जेवणाच्या सुट्टीनंतर फोन वाजला. पाणबुडा होता.

“एकोणचाळीस, सायबानू. टेप शून्यावर धरून. बाईंनी तीनदा घेवक लावला.”

“मध्ये काही आहे?”

“दगड आणि चिखल. कोपरापासून हात आडवो घातलंय, तोसुद्धा मावना नाय.”

“आणि लाकडाचा तुकडा?”

“खंयचो तुकडो? वारो सुटलो, होडी काढली.” मग मला बरं वाटावं म्हणून असेल, हसला. “किड्यांका शंभर वर्षां लागतत, तुम्ही एका फोनात मीटरभर जहाज खाल्लात.”

मी हसलो. बाजूच्या टेबलावरच्याने विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणालो.

संध्याकाळी नकाशा पुन्हा काढायला घेतला. सात बरगड्या खोडून सरकवण्यापेक्षा अख्खा कागद नवा केला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: बरगडी अकरा ते सतरा, टेप एक मीटरवर धरून घेतलेली मापं, एक मीटर नंतर वजा केला, अकरावीचं माप दुसऱ्याने पुन्हा घेऊन तपासलं. तपासणाऱ्याचं नाव घातलं. बाईंना पाठवलं. ‘मिळाला’ एवढं उत्तर आलं.

वर्षाने त्यांचा अहवाल टपालाने आला. नकाशा होता, कोपऱ्यातली ओळही तशीच होती. डोलकाठीचा उल्लेख कुठं नव्हता. मापांच्या तक्त्यात शेवटचा रकाना लाकडाच्या जातीचा होता आणि त्यात आडवी रेघ मारलेली होती. बाकीचे रकाने भरलेले होते. माझी नजर पुन्हा पुन्हा त्या एकावरच जात होती. बाईंनी पुढे मला कुठं बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. डॉक्टरांनी बंद केलं म्हणून थांबलो, असं लोकांना सांगतो. तेही खरं आहे.

अहवाल आला तो आमचा पाण्याचा दिवस होता. बायको मोरीतून हाका मारत होती, पिंपं भरून झाली, आता टाकीचा पाइप धरा. येतो म्हणालो. अहवाल कपाटात ठेवताना माझी उतरण्याची वही हाताला लागली. एकतिसावी नोंद काढली. खोली नऊ मीटर, वेळ चौतीस मिनिटं, हवा सुरुवातीला दोनशे, शेवटी साठ. त्यापुढे होडीवरच्या कागदासारखंच मी वहीतही लिहून ठेवलं होतं: सर्दी, नाही.

तो शब्द खोडला, वर ‘होय’ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

“अहो, पाणी जाईल!” ती ओरडली.

मी जाऊन पाइप धरला. डाव्या कानात गुणगुण चालूच होती, म्हणून तिने मोटर बंद केल्याचं मला लगेच कळलं नाही.